टाकीच्या झाकणावर बसलेल्या काकी

रविवारी सकाळी तावडेकाकी ज्यांची पाळी असेल त्यांचं दार थापटायच्या आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं विचारायच्या, "काल कोंबडी खाल्लास मा? मगे आज जाळी कोण धुवतलो?"

भांडुपच्या डोंगरउतारावरच्या आमच्या चाळीला गटाराची लाइन नव्हती, सगळं मागच्या सेप्टिक टँकमध्ये जायचं. टाकीच्या बाहेरच्या तोंडाशी एक प्लास्टिकचा फिल्टर होता. त्याला सगळे जाळी म्हणत. तो घाण अडवायचा आणि नुसतं पाणी शोषखड्ड्यात सोडायचा. दांडीला धरून वर ओढायचा, पाइपाच्या पाण्याने टाकीवरच धुवायचा, परत बसवायचा. एवढंच काम. पण पाळी आली की कुणाची कंबर धरायची, कुणाकडे नेमकी पूजा निघायची. काकी मात्र आपल्या पाळीला नाकाला पदर लावून धुवायच्या आणि धुताना न धुणाऱ्यांचा उद्धार करायच्या.

मी हिंगोलीकडची. सातवीतून शाळा सुटली, लग्न होऊन इथे आले. आमची खोली भाड्याची, तीही चाळ कमिटीच्या चेअरमनची. त्यामुळे त्यांच्या चपलांचा आवाज आला तरी मी हातातलं काम टाकून उभी राहायचे.

रोजची कटकट नको म्हणून एक दिवस चेअरमननी ती जाळी काढून भंगारात देऊन टाकली. सगळे खूश. "बघा, आता तुंबतच नाही!" तुंबेल कशी? सगळा गाळ सरळ शोषखड्ड्यात चालला होता. पावसाळ्याआधीच खड्डा गाळाने बुजला, टाकी भरली आणि घाण न्हाणीघरातून उलटी वर यायला लागली.

चाळीत एवढी माणसं, पण कमिटीला माझा नवराच आठवला. अंकुश गोरेगावला कुरिअरच्या गोडाउनमध्ये कामाला. चेअरमन दारात येऊन म्हणाले, "अंकुशला सांगा ना, जरा आत उतरून मोकळं करेल. तुमच्यात चालतं ते."

आमच्यात! माझे सासरे शाळेत शिपाई होते. आमच्या घरातलं कुणी कधी टाकीत उतरलं नव्हतं. आणि उतरलं असतं तरी? आत गॅस होऊन माणसं मरतात, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? पण खोली जाईल या भीतीने मी अंकुशला निरोप दिला. अंकुशने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. वर दोरी धरायला चौघं तयार, खाली उतरायला तो एकटा.

तेवढ्यात काकी प्लास्टिकची खुर्ची घेऊन आल्या. झाकणावर मांडली आणि बसल्या.

"काकी, उठा. दोन मिनिटांचं काम आहे," चेअरमन म्हणाले.

"दोन मिनटांचा? मगे तू उतर. दोरी मी धरतंय."

कुणीतरी हसलं. चेअरमन चिडले. "पोरंबाळं आहेत चाळीत. केवढा वास येतोय, कळतंय का?"

"येवंदे. तुमचोच वास आसा तो. आधी माका उचला, मगे झाकण."

त्यांना उचलायची कुणाची हिंमत झाली नाही. उन्हात घामाघूम होऊन बसल्या. त्यांची सून पाणी घेऊन आली तर तिच्यावरही खेकसल्या. गल्लीत उपसायची गाडी येऊच शकत नाही, असं कमिटी आठवडाभर सांगत होती. शेवटी त्यांनीच फोन केला आणि दुपारी तीच गाडी आली, खालच्या रस्त्यावर उभी राहिली आणि लांब पाइप टाकून तिने टाकी रिकामी केली. म्हणजे येत होतीच ना! माणूस फुकटात मिळत होता, म्हणून गाडी बोलावली नव्हती.

महिन्याभरात चेअरमननी खोली खाली करायला सांगितली. काय कारण दिलं? त्यांच्या भाच्याला हवी म्हणे. बोरीवलीला जायच्या दिवशी अंकुशला बरोबर घेऊन मी पेढे द्यायला काकींकडे गेले, त्यांच्या पाया पडले. "काकी, तुमचे उपकार जन्मात फिटणार नाहीत."

त्या एवढ्या भडकतील असं वाटलं नव्हतं.

"उपकार कसले गो? तुझो घोव जित्तो रवलो म्हणान? ता काय मी दिलेला दान आसा? माका थंय बसूक लागला, हेचोच राग येता माका!"

त्यांचे डोळे भरले होते. पेढा त्यांनी तोंडाला लावला नाही. अंकुशला समोर बसवून, तो नको म्हणत असताना, त्यालाच एकामागून एक खायला लावले आणि तो गिळेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिल्या.