जबडाअक्का आणि शीव न ओलांडलेला बैल

धारवाडला सुभाष रोडवरच्या माझ्या दातांच्या दवाखान्यात माणसं गालाला हात लावून येतात. जबडाअक्का आल्या त्या पिशवीत बैलाचा अख्खा खालचा जबडा घेऊन. तो माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचं बारीक ड्रिल पाहिजे. हा पेशंट ओरडणार नाही." बाकावरच्या दोघांची दाढदुखी जागच्या जागी थांबली आणि ते घरी गेले. जबडाअक्का हे नाव आमच्या रिसेप्शनवरच्या सुजाताने त्याच दिवशी ठेवलं.

अक्का पुरातत्त्ववाल्या, वय पन्नाशीचं, आणि पायाला भिंगरी. "कूड्रि अक्का," म्हणजे कानडीत बसा, असं म्हणत मी खुर्ची पुढे केली की त्या खिडकीकडे चालू लागत. चहा उभ्याने, जेवण येरझारा घालत. भाड्याची खोली आधी उणकलला, मग जुन्या हुबळीत, मग धारवाडात. सामान म्हणजे दोन ट्रंका. एकीत कपडे, दुसरीत दात. दुसरीत काय आहे ते घरमालकाला कळलं की खोली बदलायची वेळ आली असं समजायचं.

"माणूस मुळात बसणारा नाही, डॉक्टर. त्याला बसवलाय," असं त्या नेहमी म्हणत. हजारो वर्षांपूर्वी बळ्ळारीकडे गुरं राखणारी माणसं शेणाचे ढीग जाळायची. त्या राखेच्या टेकड्यांत गुरांचे दात सापडतात. ती माणसं कळप घेऊन हिंडायची की एका जागी राहायची, यावर विद्वानांचं जुनं भांडण आहे. अक्का हिंडणाऱ्यांच्या बाजूच्या. आयुष्य त्यांनी त्यावरच लावलं होतं.

ड्रिल कशाला, ते मला येरझारा घालतच समजावलं. वासराच्या दाताचं कवच थराथराने बनतं आणि बनलं की बदलत नाही. खाल्लेल्या चाऱ्यातला कार्बन त्यात उतरतो. या कार्बनचे दोन भाऊ, एक हलका, एक जड, आणि दोघेही हजारो वर्षं न बिघडणारे. ज्वारीच्या कडब्यात जड भावाचा वाटा थोडा जास्त, भाताच्या पेंढ्यात कमी. दातावर एकाखाली एक रेघा कोरायच्या, प्रत्येक रेघेची पूड निराळी मोजायची, की वासराचा चारा कधी बदलला ते दिसतं. जुन्या दातांचा आलेख मध्येच चढलेला आणि पुन्हा उतरलेला होता. चारा बदलला म्हणजे कळप हिंडला! अक्कांचा आनंद दवाखान्यात मावेना.

आता तुलनेला कधीच न हिंडलेला बैल हवा होता. अळणावरजवळ माझ्या मामांचा हौश्या बैल नुकताच शेताच्या कडेला पुरलेला. मामांनी आधी नारळ फोडला, हौश्याची परवानगी घेतली, मग कुदळ मारली.

दूरच्या प्रयोगशाळेतून निकाल आला. हौश्याचा आलेखही तसाच, चढून उतरलेला. अक्कांनी मला पेशंटच्या तोंडातून हात काढायला लावला आणि आम्ही थेट गावी.

"मामा, हा बैल लहानपणी कुठं नेला होता?"

"न्हाई अक्का. हितं गोठ्यात जन्मला, ह्याच शिवारात राबला. शीव वलांडली न्हाई त्यानं."

"दात खोटं बोलत नाही, मामा."

"मग मी बोलतोय काय?"

मी छपराकडे बघू लागलो. मामी मात्र चुलीपासून तडकल्या. हौश्या वासरू असताना पेंढ्याची गंजी पेटली होती. नवलगुंदाकडचा कडबा ट्रॅक्टरने आणून त्याला जगवला, आणि आज ही शहरातली बाई त्याला भटक्या ठरवते!

अक्का अंगणात गरगर फिरू लागल्या. बैल चाऱ्याकडे गेला नव्हता, चारा बैलाकडे आला होता. मग त्या जुन्या माणसांनीही चारा डोक्यावर वाहून आणला नसेल कशावरून?

धारवाडातलं त्यांचं व्याख्यान आठवड्यावर आलेलं. हा बैल वगळा, असं सहकाऱ्यांनी सुचवलं. मीही म्हटलं, एक बैल, कोण विचारणार आहे?

"मी विचारलंय ना," अक्का म्हणाल्या.

व्याख्यानात पडद्यावर सगळ्यांत आधी हौश्याचा दात आला. कळप हिंडत होता असं मी आजवर सांगत आले, त्याला हा पुरावा पुरत नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. व्याख्यान संपल्यावर पहिल्या रांगेतले मामा पटका सावरत उठले आणि हळूच म्हणाले, "अक्का, माझ्या बैलापायी तुमचं काम बुडालं काय?"

"नाही मामा. बुडत होतं, तुमच्या बैलानं ओढून काढलं."

पुढच्याच आठवड्यात दोन्ही ट्रंका बळ्ळारीच्या गाडीत चढल्या. अक्का दारात लोंबकळत नवी कल्पना सांगत होत्या. चारा वाहून आणता येतो, पण कळपाचं पाणी कोण वाहील? जागोजागच्या पाण्यातला ऑक्सिजन निराळा आणि तोही दातात उतरतो, आता तो मोजायचा. हौश्या कुठलं पाणी प्यायचा, तेवढं मामांना विचारा, म्हणाल्या. गाडी सुटली, तरी त्या आत गेल्या नाहीत.

मी विचारलं. मामांनी बराच वेळ आठवलं. ओढ्याचं, म्हणाले. पण उन्हाळ्यात ओढा आटला की दुसरीकडचं पाणी घेऊन टँकर यायचा.

हे कसं सांगावं, या विचारात मी दोन दिवस फोन टाळला. शेवटी केला. पलीकडे अक्का हसत सुटल्या, मागे वारा आणि चालणारी पावलं.

"दुसरा बैल बघा, डॉक्टर," म्हणाल्या.