पाहुण्याला दाखवलेली जवळची वाट

आमची वस्ती अंथुर्ण्याच्या शिवारात, पण गावापासून चांगली आत. वस्तीवरची शाळा पाचवीला संपते, सहावीला गावात जावं लागतं. आमची लेक सहावीत गेली त्या वर्षी कळलं, की शाळा घरापासून तीन किलोमीटरच्या पलीकडं असेल तर सरकार पोराला न्यायला-आणायला गाडी देतं. मला हसू आलं. लांब राहण्याचा आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी फायदा दिसत होता.

घरात मात्र हसण्यासारखं नव्हतं. नवरा बारामतीच्या कंपनीत, पहाटेच्या पाळीला घर सोडतो. आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, गुडघा कामातून गेलेला. दोन्ही बाजूंनी माणूसभर ऊस, आणि मोबाईलवर रोज कुणीतरी बिबट्याचा फोटो टाकणार. तो बिबट्या आपल्या तालुक्यातला का कुठला, देव जाणे. नवऱ्यानं सांगून टाकलं, "गाडी मिळाली तर ठीक. न्हाय तर पोरगी काटेवाडीला मामाकडं ठिवायची." मामा म्हणजे माझा सख्खा भाऊ. आता माहेराला नावं ठेवता येत नाहीत आणि पोरीला सोडवत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

तालुक्याहून साहेब अंतर मोजायला येणार असा निरोप आला. मी निवांत होते. गाडीरस्त्यानं शाळा चार किलोमीटरला कमी नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. सकाळी आबा स्वच्छ धोतर नेसून, टोपी घालून साहेबांना आणायला कुणाच्या तरी गाडीवर बसून शाळेपर्यंत गेले. पाहुण्याला सामोरं गेलं पाहिजे, ही आमच्याकडची रीत.

आले ते कालव्याच्या भरावावरून. साहेबांच्या मोटरसायकलवर मागं आबा, हात लांब करून वाट दाखवतायत. मला दारातूनच कळलं, घोटाळा झाला. गाडीरस्ता खड्ड्यांचा, साहेबांची कंबर दुखेल म्हणून आबांनी त्यांना भरावावरून, मग आमच्या उसातल्या सरळ पायवाटेनं आणलं होतं. मध्येच आडबाजूला नेऊन नवीन बेण्याचा ऊसही दाखवला. साहेब भला माणूस. हातातल्या मोबाईलकडं बघत म्हणाले, "तीनला थोडं कमी भरतंय, आबा. चालत जाता येईल अशी जवळची वाट धरायची असा नियम आहे. पावसाळ्यात ही वाट चालू असते का?"

मी आत जोरात भांडी आपटली. पाहुण्यासमोर सासऱ्याचं बोलणं तोडायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून भांड्यांनी बोलावं लागतं. आबांना वाटलं, चहाला उशीर होतोय.

"चालू म्हंजे? बारमाही," आबा म्हणाले. "माझी म्हस सुदिक ह्याच वाटनं जाती. आमच्या वस्तीला कशाची म्हणून अडचण न्हाय, सायेब."

बाहेरच्या माणसापुढं आपल्या वस्तीला कमीपणा आणायचा नाही, हे आबांनी जन्मभर पाळलेलं. घरात छप्पर गळत असलं तरी पाहुण्याला म्हणतील, वारं लई ग्वाड येतं. साहेबांनी चहा घेतला, आबांनी आग्रह करून वर दूध पाजलं, आणि आमची लेक चालत जाऊ शकणारी ठरली.

पलीकडच्या वस्तीवर माझी चुलत जाऊ राहते. तिचं घर गावाला आमच्यापेक्षा जवळ. पण त्यांचं कुत्रं मोकळं होतं आणि घरात कुणी साहेबांना या-बसा म्हणायला नव्हतं. कुत्र्याला भिऊन साहेब आडवाटेला गेलेच नाहीत, खड्ड्यांच्या रस्त्यानं गेले, आणि अंतर तीनच्या वर भरलं. तिच्या पोरीला गाडी लागू झाली. पाहुणचाराचं फळ मिळतं म्हणतात, ते असं.

गाडी रोज आमच्या फाट्यावरून रिकाम्या जागा घेऊन जायची. मी ड्रायव्हरला विनवलं. तो म्हणाला, "ताई, जागा हाय, पर मंजुरी न्हाय. कुणी बघितलं तर माझीच गाडी बंद व्हईल."

आबांना हे सगळं कळलं तेव्हा ते दोन घास कमी जेवले. मला म्हणाले, "सुनबाई, चुकलं. सायबाला पुन्हा बोलावतो. आता लांबनं आणतो, पार कंबर मोडली तरी चालंल." मला त्यांचा रागही आला आणि कीवही. त्यांनी खरंच सरपंचांच्या मागं लागून पुन्हा मोजणी लावली. त्या दिवशी गुडघा धरत फाट्यावर जाऊन उभे राहिले, गाडीरस्त्यानं आणायला. ते तिकडं उन्हात उभे, आणि साहेब इकडून भरावावरून थेट आमच्या अंगणात.

"आबांना कशाला त्रास," साहेब म्हणाले. "मला वाट पाठ झालीय." या खेपेला ऊस बघायला आडबाजूला वळायचं नव्हतं. अंतर आणखी कमी भरलं.

गाडीचा विषय तिथंच मिटला. आबांनी काही दिवस पोरीला हाताशी धरून शाळेत पोचवली, गुडघा सुजून टम्म झाला तेव्हा बसले. एका रविवारी भाऊ आला आणि लेकीला काटेवाडीला घेऊन गेला. तिथं शाळा घरासमोरच. गाडीची गरज नाही, पात्र-अपात्र काही नाही. भावजय जीव लावते, अभ्यास घेते, दूध देते. तक्रारीला जागाच नाही, आणि मला तर तक्रार करायची होती.

पहिल्यांदा ती शनिवारी घरी आली. मी भाकरी थापत होते, आबा उंबऱ्यात बसलेले. ती आत आली, फळीवरच्या शेंगदाण्याच्या डब्यापाशी थांबली. हा डबा तिनं कितीदा तरी न विचारता रिकामा केलाय, माझा मार खाल्लाय त्यापायी. डब्याला हात न लावता तिनं माझ्याकडं बघितलं.

"आई, थोडे शेंगदाणे घेऊ का?"

"घे की. विचारतीस काय?"

तिनं मूठ भरली. मग निम्मे दाणे परत डब्यात टाकले आणि झाकण घट्ट लावून ठेवलं.