मागच्या पिढीची चिप

इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या आमच्या लॅबमध्ये दरवर्षी ऑक्टोबरात तेच काम असतं. मागच्या पिढीची चिप असलेला फोन डाव्या हाताला, नव्या पिढीचा उजव्या हाताला. दोन्ही पूर्ण चार्ज केलेले, स्क्रीनचा उजेड सारखा, खोलीचं तापमान ठरलेलं. मग एकच टेस्ट तीस-तीस वेळा चालवायची आणि आकडे शीटमध्ये भरायचे. मी हे चौदा वर्षं करते आहे. सुरुवातीला दोन पिढ्यांतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसायचा आणि मी घरी येऊन नवऱ्याला तो कौतुकानं सांगायची. आता तो फक्त शीटमध्ये दिसतो. नवी चिप पहिली दहा मिनिटं जोरात पळते, मग तापते, आणि तापली की आपणहून वेग कमी करून जुनीच्या बरोबरीला येते. रिपोर्टच्या पहिल्या पानावर मात्र त्या दहा मिनिटांचाच आलेख असतो. हे मला माहीत असतं, मॅनेजरलाही माहीत असतं, आणि आम्ही दोघांनीही त्यावर बोलायचं केव्हाच सोडून दिलं आहे.

एका वर्षी आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती. बाबांना जाऊन दोन वर्षं होत आली होती. आई सरकारी कचेरीत टायपिस्ट होती, मराठी आणि इंग्रजी दोन्हींची. तिचा फोन मीच आधी कधीतरी पाठवलेला, त्याची काच कोपऱ्यात तडकली होती. मी लॅबमध्ये दिवसभर नवे फोन हाताळायचे आणि आईनं तडकलेला वापरायचा, हे मला बरं वाटेना. मी तिला त्याच वर्षीचा नवा फोन आणून दिला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाली, "कशाला गं? तो चालतोय की."

दोन आठवड्यांनी अमरावतीहून मावशीचा मला फोन आला. "तुझी आई माझ्यावर रागावलीय का? फोनच करत नाही."

नवा फोन आईच्या ड्रॉवरमध्ये रुमालांखाली सापडला. बंद करून ठेवलेला, सिमकार्डही त्यातच.

"आई, हा इथे का?"

"तो फार घाई करतो गं. मावशीला लावायला जाते, तर भलत्यालाच लागतो. परवा बाबांच्या ऑफिसातल्या साहेबांना लागला. तीनदा. काय बोलायचं मी त्यांच्याशी?"

शनिवारी सकाळी मी तिला किचनच्या टेबलाशी बसवलं आणि दोन्ही फोन समोर ठेवले. दुसरं काही मला सुचलं नाही. जे रोज करते तेच मी केलं. मावशीचं नाव शोधायचं आणि फोन लावायचा, प्रत्येक फोनवर दहा वेळा. मी पेन्सिल घेऊन शेजारी बसले. आई परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसली होती. जुन्या फोनवर आठ वेळा बरोबर लागला, नव्यावर तीन वेळा.

काचेवर टेकताना तिचा अंगठा थरथरत होता. जुना फोन दखल घेईपर्यंत अंगठा स्थिरावायचा. नवा प्रत्येक थरथर वेगळा स्पर्श म्हणून मोजायचा आणि त्यावर लगेच धावायचा. दोष एकट्या चिपचा नाही, स्क्रीनही जास्त तल्लख होती, असं मी मनातल्या मनात कारण लिहायलासुद्धा लागले.

"झालं? मांडलेस आकडे?" आईनं विचारलं.

"हो."

"हात कधीपासून हलतोय, ते नाही विचारलंस."

विमानतळावर ती पासपोर्ट पर्समध्ये ठेवत होती तेव्हाच मला दिसलं होतं. प्रवासाचा शीण असेल, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं होतं.

"कधीपासून?"

"बाबांच्या वर्षश्राद्धाच्या आधीपासून. खिरीचं पातेलं सांडलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू फोनवर नेहमी दमलेली असतेस. दमलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं?"

मी कागद उलटा ठेवला आणि तिचा हात हातात घेतला. हातात घेतल्यावरही तो थांबला नाही. ती म्हणाली, "फार भरभर टाइप केलं की टाइपरायटरच्या दांड्या एकमेकींत अडकायच्या. टायपिंगच्या क्लासचे सर ओरडायचे, यंत्राच्या बेतानं चाला. तसं चालले मी, रिटायर होईपर्यंत." मग ती उठली आणि तिनं कुकर लावला.

दुपारी मी नव्या फोनची सेटिंग्ज शोधली. बोट थोडा वेळ दाबून धरलं तरच स्पर्श मोजायचा, अशी सोय त्यात होती. इतक्या वर्षांत मी तो मेनू एकदाही उघडला नव्हता. ती सोय करून दिली, तरी आईनं जुनाच फोन मागितला. मी त्याची काच बदलून आणली.

सोमवारी मी मॅनेजरला म्हणाले, "थरथरत्या बोटांसाठीही एक टेस्ट ठेवू या." त्यानं सगळं ऐकून घेतलं. "मुद्दा चांगला आहे, पण आपल्या स्कोपमध्ये बसत नाही," म्हणाला. मग त्यानं लॅपटॉप मिटला. "माझी आई लीड्सला केअर होममध्ये आहे. तिनं फोन वापरायचं सोडलं. का, ते मी कधी विचारलं नाही." ती टेस्ट काही आली नाही. माझ्यात भांडण्याइतका जोर नव्हता. रिपोर्ट वेळेवर गेला.

नागपूरला परतल्यावर आईनं डॉक्टरांना दाखवलं. कंपवात नाही, उतारवयात काहींना होतं तसं थरथरणं आहे, असं त्यांनी सांगितलं आणि एक गोळी दिली. गोळीनं थोडा फरक पडतो, फार नाही. मावशीला आई रोज संध्याकाळी फोन लावते, बहुतेक वेळा बरोबर लागतो. कधी कधी चुकून मला लागतो. तिकडे संध्याकाळ, इकडे माझी जेवणाची सुट्टी. मी हॅलो म्हणते, तिला ते ऐकूच येत नाही. ती दाराशी आलेल्या भाजीवाल्याशी बोलत असते, मेथी निवडून द्यायला सांगत असते. मी फोन कट करत नाही. सँडविच बाजूला ठेवून ऐकत बसते.