सांबाराशिवायची हिरवी चटणी

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि वरून सांबार पडल्याशिवाय भाजी झाली असं कोणी मानत नाही. वरण, पोहे, कढी, झुणका, काहीही असो, गॅस बंद केला की चिमूटभर सांबार भुरभुरायचा. माझा हात तर आता डोक्याला विचारतही नाही. कुडवा गावात आमच्या गल्लीत सकाळी हातगाडी घेऊन भाजीवाली येते. पाव किलो भेंडी घ्या की नुसती चार लिंबं, ती मूठभर सांबार पिशवीत फुकट टाकणारच. तिनं टाकला नाही, तर समजावं की बाई आपल्यावर रुसली. आणि आपण नको म्हटलं, तर आपण रुसलो.

अशा घरात जन्मलेली माझी एकुलती एक पोरगी सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी पुण्याहून माहेरी आली आणि पहिल्याच दिवशी ताटावर बसून म्हणाली, "आई, सांबार नको टाकत जाऊ. मले त्याचा साबणासारखा वास येऊन राहिला."

साबण! हीच पोरगी लहानपणी सांबारवडीचं ताट एकटी फस्त करत होती. पुण्याच्या पाण्यानं माणसं बदलतात हे ऐकून होते, जीभही बदलते हे नवीन होतं.

मी म्हटलं, "बरं, नाही टाकत." आणि दुसऱ्या दिवशी थोडासाच टाकला. थोडासा म्हणजे अगदी बारीक चिरून, वरणात तळाशी ढवळून, दिसणारही नाही असा. पोटुशी बाईचे नखरे चार दिवसांचे, तोंडाला चव आली की आपसूक जातात, असा माझा अनुभव होता. अनुभव एकाच बाळंतपणाचा, पण अनुभव तो अनुभव. पोरीनं पहिला घास घेतला, तोंडावर हात धरला आणि न्हाणीकडे धावली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "पित्त झालं असेल."

पित्तावर मी जिऱ्याचं पाणी दिलं, भाज्या बदलल्या, तूप वाढवलं. सांबार मात्र थोडासाच टाकत राहिले. पोरगी हळूहळू दही आणि बिस्किटांवर आली. दवाखान्यात वजन केलं तर काटा वर जायचा तो खाली उतरलेला. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माताजी, बेटी मायके आई है, कुछ खिलाते हो कि नहीं?" मी, जिच्या हातचं जेवायला अर्जुनी मोरगावचे पाहुणे उगाच काम काढून येतात, ती मी खाली मान घालून बसले.

त्याच संध्याकाळी जावयाचा फोन आला. "आई, मी रविवारी येतो. तिला इकडेच आणतो. इथं ती खात तरी होती." जावई फार गुणाचा आहे. भांडकुदळ असता तर मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. माहेरी उपाशी राहून लेक परत गेली, असं गल्ली म्हणेल, तर म्हणू दे, गल्लीला काय धंदा आहे दुसरा? पण मला माझी पोरगी जवळ पाहिजे होती. तिचं बाळ पहिल्यांदा माझ्या मांडीवर यावं, एवढीच हाव होती, आणि ती रविवारी गाडीत बसून जाणार होती.

मी तिला विचारलं, "तिथं काय खात होतीस वो बाई असं?"

"ग्वाकामोले."

"काय?"

"अ‍ॅव्होकाडोची चटणी. हिरवी असते. ऑफिसच्या कँटीनमधला माणूस माझ्यासाठी सांबार न टाकता वेगळी काढून ठेवायचा."

मी मोबाइलवर त्या चटणीचे व्हिडिओ पाहिले. बघते तर काय, जो तो शेवटी मूठभर सांबार टाकतो आहे! सातासमुद्रापलीकडच्या त्या लोकांविषयी मला एकदम आपलेपणा वाटला. मी मोबाइल पोरीपुढे धरला. "पाहा, तेही टाकतात." ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

आमचे हे कालव्यावरच्या नोकरीतून रिटायर झाल्यापासून घराबाहेर पडायला कारणच शोधत असतात. सकाळच्या गाडीनं नागपूरला गेले आणि संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेली तीन फळं घेऊन आले. एक हातात घेऊन मी दाबून पाहिलं. दगड बरा.

"अजी, पाहून तरी घ्यायचं होतं. हे ठेचू कशानं?"

"दुकानदार म्हणाला, असंच असते," हे म्हणाले आणि चहा मागून मोकळे झाले.

आता मला सांगा, बाहेरून कडक, आत गर, आणि तो ठेचून कांदा-मिरची घालून खायचा, याला आमच्या झाडीपट्टीत काय म्हणतात? भरीत. शंभर वांगी भाजलेल्या बाईला व्हिडिओ कशाला पाहिजे? मी फळाला तेलाचा हात लावला आणि सरळ गॅसवर ठेवलं. साल काळी झाली, घरात भलताच वास सुटला. ठेचून बोट लावलं, तर कडूजहर! ह्यांनी चाखलं आणि मोरीत थुंकले.

"कायले भाजलं तू याले?"

"मग काय पोटुशीले कच्चं चारू?"

आवाज ऐकून पोरगी उठून आली. काळं फळ पाहून खूप दिवसांनी हसली. पोट धरून हसली. "आई, याले भाजत नसतात वो. पिकवतात."

"पिकवतात, तर आधी नाही सांगता येत?"

पिकवणं मात्र आम्हाला शिकवायचं काम नाही. सीताफळं पिकवतो तशी उरलेली दोन्ही फळं मी तांदळाच्या ड्रममध्ये पुरली. मग येता-जाता झाकण उघडून जो तो दाबून पाहू लागला. शनिवारी दुपारी एकदाचं अंगठ्याखाली नरम लागलं. बापा, काय आनंद झाला मला! पोरीच्या दहावीच्या निकालाला नव्हता झाला.

चटणी करायला म्हणाल तर काहीच नाही. फळं चिरली, बी काढली, चमच्यानं गर काढून वाटीनं ठेचला. त्यात बारीक कांदा, बिया काढलेलं टमाटर, हिरवी मिरची, लिंबू, मीठ. फोडणी नाही, जिरं नाही. शेजारच्या शेगडीवर आमच्या दोघांचं वरण नुकतंच शिजलं होतं आणि त्याच्यासाठी चिरलेला सांबार बशीत होता. मी चटणी ढवळून पूर्ण केली, आणि माझा हात बशीकडे गेला, चिमूट भरली, वाटीवर आला.

ह्यांनी मनगट पकडलं. "अवं! काय करून राहिली?"

लग्नात धरला होता हा हात, त्यानंतर स्वयंपाकघरात आत्ता. चिमूट बशीत परत गेली.

तांदळाचे पापड तळून मी वाटी पोरीपुढे ठेवली आणि आम्ही दोघं समोर उभे राहिलो. तिनं पापडाच्या तुकड्यावर चटणी घेतली. खाल्ली. आणखी एक घास खाल्ला. मग वाटी थोडी पुढे सरकवली.

"कशी झाली?"

"बरी आहे. तिथल्यासारखी नाही लागत."

मला इतका राग आला की रडूच आलं. नागपूर झालं, भरीत झालं, तांदळाचा ड्रम उपसून झाला, आणि वर 'बरी आहे'. पोरगी मात्र शेगडीकडे पाहत होती.

"आई, ते वरण आहे? त्यात सांबार टाकला का?"

"नाही, अजून नाही टाकला."

"मग तेच वाढ ना."

मी गरम भात वाढला, वर वरण, वर तूप. पिवळंधमक, बोडकं वरण, माझ्या घरात असं कधी ताटात आलं नव्हतं. ती कालवून खायला लागली. पुन्हा भात मागितला, पुन्हा वरण मागितलं, भांडं तिरकं करून तळाचं घेतलं.

"पहिल्या दिवसापासून हेच तर मागून राहिली होती मी," ती बोटं चाटत म्हणाली.

"मग जोरात बोलायचं ना!" मी खेकसले. पाठ फिरवून भांडी घासायला घेतली, ती आधीच घासलेली होती. ह्यांनी उरलेली चटणी आपल्यापुढे ओढली, वरून बशीतला सगळा सांबार टाकला आणि म्हणाले, "हां, आता लागून राहिली चटणीसारखी."

रविवारी जावई आला. बायकोचं ताट पाहिलं, स्वतःही दोनदा भात घेतला आणि रात्रीच्या गाडीनं एकटाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवालीनं दोडके तोलून दिले आणि सवयीनं सांबाराची मूठ उचलली. मी पिशवीचं तोंड आवळलं.

"नको."

तिची मूठ तशीच राहिली. चेहरा पडला. "काऊन वो बाई? माझं काही चुकलं का?"

"नाही वो," मी म्हटलं, "पोरगी जेवून राहिली."