उजव्या पंखाची टिकली

नाथाजी हवाई दलातून निवृत्त होऊन पलूसजवळच्या आपल्या गावी आला, तेव्हा गावानं त्याला परस्पर पायलट करून टाकलं. वास्तविक त्यानं सगळी नोकरी जमिनीवर काढली होती. उभ्या विमानांचे दिवे दुरुस्त करायचे, कथलाचे टाके मारून तारा जोडायच्या आणि विमान उडालं की खाली थांबून वर बघायचं. सुरुवातीला त्यानं खरं सांगून पाहिलं. पण पायलट मिळालेल्या गावाला वायरमन कशाला हवा असतो? शेवटी त्यानं नाद सोडला. आपल्या खऱ्या कामाचा ताठा मात्र त्याला भारी. "मी टाका मारलेला दिवा आजवर कवा इझला न्हाई," हे त्यानं पारावर इतक्यांदा ऐकवलं होतं, की लोक त्याच्याआधीच वाक्य पुरं करायचे. घरोघरचे रेडिओ आणि विहिरींवरच्या मोटारींचे स्टार्टर त्याच्याकडे येत, ते या एका वाक्यावर.

एका साहेबानं दिलेला जुना रिमोट आणि छोटं इंजिन त्याच्याकडे होतं. त्यावर त्यानं हलक्या लाकडाचं, हातभर पंखांचं विमान बनवलं. पहिल्या दिवशी अख्खं गाव माळावर लोटलं. पुढं मात्र गावाचा उत्साह ओसरला. माळाला लागूनच ऊस असलेला केरबा एकदा तोंडावर म्हणाला, "नाथा, पतंग ह्येच्या वर जातोय की रं."

हे नाथाजीच्या जिव्हारी लागलं. त्यानं ठरवलं, आता अंधारात उडवायचं.

अंधारात विमान दिसत नाही, दिसतात ते दिवे. म्हणून त्यानं सांगलीहून एलईडी आणले. वजन नाही, तापत नाहीत, वीज नावाला खातात. डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्याला हिरवा. लाल दिसला तर विमानाची डावी कूस आपल्याकडं, हिरवा दिसला तर उजवी. दिव्यांचे सेल वेगळे, रिमोटचे वेगळे. एक बिघडलं तरी दुसऱ्याला धक्का नको. आणि सगळ्यात वरचा नियम: दिवा दिसेनासा झाला तर अंदाज करायचा नाही. इंजिन बंद करायचं आणि विमान पडेल तिथं पडू द्यायचं. हे त्यानं गावाला इतक्या गांभीर्यानं समजावलं, जणू उद्यापासून घरटी एक विमान उडणार होतं. बायाबापड्यांनी त्यातून एकच गोष्ट उचलली: पायलटनं विमानाला टिकल्या लावल्यात.

मुहूर्त खंडेनवमीचा धरला. त्या दिवशी गावात कोयता, नांगर, ट्रॅक्टर, सगळ्यांची पूजा होते. मग विमानानं काय घोडं मारलं होतं? सरपंच भाऊसो म्हणाले, पूजेशिवाय उडवायचं न्हाई. नाथाजी बायकोला, अंजनाला, एरवी विमानाजवळ फिरकूसुद्धा देत नसे. त्या संध्याकाळी त्यानं मोठेपणानं परवानगी दिली. "नाकावरच्या पंख्याला हात लावायचा न्हाई, तारंला लावायचा न्हाई. बाकी काय करायचं ते कर." आणि तो लोकांना माळावर बांधलेल्या दोरीमागं रेटायला गेला. दिवे त्यानं आधीच तपासले होते. पूजेनंतर पुन्हा तपासायचे, असा नियम त्याच्याकडं नव्हता.

अंजनानं शब्दाबाहेर काहीच केलं नाही. पंख्याला हात लावला नाही, तारेला लावला नाही. विमानाला नीट न्याहाळलं. डावी टिकली लाल, बरोबर. उजवी मात्र हिरवी. सणासुदीला हिरवी टिकली कोण लावतं? बिचारीनं ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि त्या टिकलीला चांगलं जाडसर फासलं.

विमान उडालं. काळ्या आभाळात लाल ठिणगी उसावरून गोल फिरली आणि गावाच्या माना तिच्याबरोबर फिरल्या. नाथाजीनं विमान वळवलं. आता हिरवा दिसायला हवा होता. दिसलं काहीच नाही.

फक्त आवाज. तो अजून उसाकडंच होता, पण पुढच्या क्षणाला कुठं जाईल हे सांगता येत नव्हतं. मागं दोरीला खेटून पोरंटोरं, बायका, ताट घेतलेली अंजना. हात म्हणत होता, थोडं वळवून बघ, सापडेल. नियम दुसऱ्यांना सांगायला सोपा असतो. नाथाजीनं इंजिन बंद केलं.

लाल ठिणगी गरगरत खाली आली. उसात सळसळ झाली आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "लय झ्याक उतरिवलं," केरबा म्हणाला. स्वतःच्या उसाचं त्याच्या नंतर ध्यानात आलं.

नाथाजी बॅटरी घेऊन एकटाच आत शिरला. विमानाचे दोन तुकडे झाले होते. त्यानं उजवा पंख उचलला. वाळलेल्या कुंकवाच्या कडेनं बारीकसा हिरवा उजेड येत होता. दिवा विझलाच नव्हता. हे फक्त त्यानंच पाहिलं.

तो तुकडे घेऊन बाहेर आला तेव्हा टाळ्या थांबल्या. शेजारची बयाबाई ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाली, "पूजेत कायतरी कमी पडलं आसंल." दोघीचौघी अंजनाकडं बघू लागल्या. अंजनाचा चेहरा पडला. ताट सावरत ती पुढं आली. "आवं, माझं काय चुकलं का?"

हिरव्या दिव्याची तार नाथाजीनं उसातच तोडली होती. आता काच स्वच्छ होती आणि दिवा मेलेला.

"न्हाई," तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "माझा टाका कच्चा हुता. दिवा इझला."

केरबानं घसा खाकरून सांगून टाकलं, की त्याचा दुरुस्तीला दिलेला रेडिओ तो उद्या परत नेईल, सांगलीला दाखवील. भाऊसोंनाही स्टार्टरची आठवण झाली. अंजनाचा चेहरा मात्र खुलला. "तरी बरं," ती बयाबाईला म्हणाली, "कुंकू लावलं हुतं म्हणून माणसावर पडलं न्हाई." बायकांनी माना डोलावल्या.

"व्हय," नाथाजी म्हणाला, आणि लाल झालेला अंगठा त्यानं मुठीत दाबून धरला.