पोळ्यात उभी राहिलेली मोटार

बॉनेटवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि तोंडानं बारीक 'च्‌ च्‌' करायचं. आमच्या शेजारच्या काकाजींची मोटार सुरू करण्याआधीची ही रीत. मग ते हँडल मारायला समोर जात. येणाराजाणारा विचारी, "भाऊ, चालते का आज?" उत्तर ठरलेलं असे.

"चालते. पण तिच्या मनानं."

तुम्ही म्हणाल, मोटारीला कसलं आलंय मन? ती मोटार तुम्ही पाहिली असती तर हा प्रश्न तुम्हाला पडला नसता. दोनच माणसं बसतील एवढी जागा, डोक्यावर छप्पर नाही, पुढे हातभर लांब बॉनेट आणि त्यावर आवळलेला चामडी पट्टा. विलायतेत शर्यतीसाठी केलेली गाडी, आणि ती आली मूलच्या पुढे धानाच्या बांध्यांत वसलेल्या आमच्या गावात. आत बसलेल्या माणसाचं डोकं बाहेर उभ्या बैलाच्या पोटाला लागेल इतकी ती ठेंगणी होती.

काकाजी शेतकरी माणूस. त्या उन्हाळ्यात म्हातारी जोडी विकून ते नवी जोडी आणायला चांद्याकडच्या बैलबाजाराला निघाले होते. वाटेत पाणी मागायला एका बंगल्यावर थांबले. बंगल्यातला कोळशाच्या खाणीवरचा गोरा साहेब कायमचा विलायतेला चालला होता आणि त्याचं सामानसुमान विकायला काढलं होतं. खुर्च्या गेल्या, आरसे गेले, पण झाडाखालच्या या गाडीकडे कोणी फिरकलं नव्हतं. रात्री वळवाचा पाऊस पडून गेला होता. काकाजी पुढे कितीदा तरी सांगत, "बाप्पा, तिच्या डोयात पाणी होतं ना! मले पाह्यवलं नाई."

सौदा त्यांनी बैलाचा करतात तसाच केला. आमच्याकडे बैलबाजारात किंमत तोंडानं बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली हात घालायचा आणि एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे बघ्यांना कळत नाही. काकाजींनी साहेबापुढे दुपट्टा पसरला आणि खाली हात घातला. साहेबाला वाटलं, या देशात असाच हात मिळवत असतील. त्यानं दुपट्ट्याखाली काकाजींचा हात धरून जोरजोरात हलवला. काकाजींनी त्याचा अर्थ 'मंजूर' असा घेतला आणि कमरेचा कसा सोडून साहेबाच्या बटलरच्या हाती ठेवला. साहेबही पैसे पाहून खूष झाला असावा, कारण त्यानं जाताना गाडीचा भोंगा स्वतः वाजवून दाखवला म्हणे.

चांद्याचा एक मिस्त्री गाडी चालवत गावात घेऊन आला तेव्हा अख्खं गाव गोळा झालं. काकीजी तेवढ्या दारातच उभ्या राहिल्या. "बैल कुठी हायेत?" त्यांनी विचारलं. काकाजींनी गाडीकडे बोट दाखवलं. "बरं झालं. उद्या इलेच जुंपा नांगराले," म्हणून त्या आत गेल्या आणि पेरण्या होईपर्यंत नवऱ्याशी धड बोलल्या नाहीत. त्या वर्षी काकाजींनी मागून आणलेल्या बैलांवर शेती केली.

गाडी चालवायला काकाजींना त्याच मिस्त्रीनं शिकवलं. हा मिस्त्री मुसलमान, भारी तोंडाळ आणि मनाचा तितकाच मोकळा. त्यानं पहिल्यांदा इंजिन उघडलं आणि कपाळावर हात मारून घेतला. सगळ्या मोटारींच्या इंजिनात झडपा उघडझाप करतात. हिच्या पोटात झडपाच नव्हत्या, एकात एक सरकणारी नळकांडी होती. त्यामुळे आवाज अगदी मऊ, पण पेट्रोलच्या बरोबरीनं तेल पिणार आणि मागे निळा धूर सोडत जाणार. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, ये इंजन नहीं, पहेली है. तेल अच्छा पिलाना. और कुछ भी हो जाए, एरंडी मत डालना. अंदर गोंद जम जाएगा."

तापल्यावर गाडी एकदा बंद पडली की निवेपर्यंत काही केल्या सुरू होत नसे. दुसरा कोणी वैतागला असता. काकाजी मोहाच्या सावलीत बसून पान जमवत. "रवंथ करून राह्यली," म्हणत. "करू दे. तुमाले कायची घाई हाये?" गाडी मागे घ्यायला त्यांनी कधीच मान्यता दिली नाही. बैल काय मागं चालते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे घरासमोर गाडी वळवायची झाली तरी ते सबंध तलावाला चक्कर मारून येत. चामडी पट्ट्याला ते चऱ्हाटाला लावावं तसं तेल लावत आणि समोरच्या जाळीवर त्यांनी घुंगुरमाळ बांधली होती. मी त्या वेळी चौदा-पंधराची असेन. आम्ही पोरी तोंडावर पदर घेऊन हसायचो. आता वाटतं, एखाद्या वस्तूवर इतकं मनापासून प्रेम करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही, आणि तुम्हीही फार पाहिले नसतील.

सगळ्यात मजा यायची पोळ्याला. आदल्या संध्याकाळी घरोघर बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. काकाजी चाकांवरच्या पत्र्याला हळद-लोणी लावून गाडीच्या कानाशी, म्हणजे आरशाशी, वाकून म्हणत, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." दुसऱ्या दिवशी गाडी तोरणाखाली बैलांच्या रांगेत उभी. आणि पोळ्याला बैल जुंपायचा नसतो, म्हणून तिलाही त्या दिवशी सुरू करायची नाही. गडीमाणसं तिला ढकलत आखरावर, म्हणजे गुरं गोळा होतात त्या मोकळ्या जागी न्यायची. पहिल्या वर्षी म्हाताऱ्या पाटलांनी बरीच कुरकुर केली, पण पोरांनी गाडीवर झडती, म्हणजे पोळ्यात म्हणतात ते चिमटे काढणारं गाणं, रचून म्हटली आणि पाटीलच आधी हसले:

चाकं चार, शिंगं नाई,
गवत टाका त खात नाई,
धूर सोडते, शेण नाई,
अशा बैलाले दावण नाई!

काकाजींना राग आला नाही. त्यांनी झडती म्हणणाऱ्याला सुपारी दिली. त्या दिवसापासून ती गाडी गावाच्या लेखी बैलच झाली.

आता माझी गोष्ट सांगते, कारण काकाजी मला खरे कळले ते त्यातच.

मी सातवीची फायनल पास झाले होते. मास्तरीण व्हायचं मनात होतं आणि त्यासाठी चांद्याच्या ट्रेनिंग शाळेत जागा मिळायला हवी होती. माझे वडील भातगिरणीवर मुनीम. ते वाईट नव्हते, पण एकदा बोलले की बोलले. "जागा भेटली त शिक. नाई भेटली त दिवाळीनंतर लगीन. मुलगा मी पाहून ठेवला हाये." मुलगा माझ्याहून बराच मोठा, बिजवर होता. मी आईच्या कुशीत शिरून रडले, पण वडिलांपुढे काही बोलले नाही. पहिल्या यादीत माझं नाव लागलं नाही. उरलेल्या जागांसाठी मुलाखतीला बोलावलं ते नेमकं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. तारीख ठरवणाऱ्या साहेबाच्या घरी बैल नसावेत.

पोळ्याच्या सकाळी मी वडिलांबरोबर मूलच्या स्टेशनवर गेले तर आगगाडी नाही. रात्रीच्या पावसानं रुळाखालची माती वाहून गेली होती. सर्व्हिस मोटारही बंद. पोळ्याला बैल जुंपायचे नाहीत, म्हणजे दमणी, आमची हलकी बैलगाडी, तीही नाही. आम्ही चालत परत आलो. वडील म्हणाले, "चाल, देवाच्या मनात नाई." त्यांच्या आवाजात वाईट वाटल्याची खूण होती, पण थोडी सुटकाही होती. मी ओसरीवर जाऊन बसले.

काकाजींना कळलं. ते आमच्या अंगणात येऊन उभे राहिले, पुन्हा बाहेर गेले, पुन्हा आले. गाडी तोरणाखाली उभी करायला धुऊन ठेवली होती. पाटलांना विचारलं तर ते म्हणाले, "भाऊ, तुमीच इले बैल केलं. आता पोळ्याले जुंपता? सारा गाव तोंडात शेण घालन." काकाजींना हे खरोखरच लागलं. त्यांच्या लेखी हा थट्टेचा विषय नव्हता. मान दिलेल्या जनावराला मानाच्या दिवशी कामाला लावायचं, हे त्यांच्यानं होईना आणि माझ्याकडे बघवेना.

तेव्हा काकीजी पुरणाच्या हातानं बाहेर आल्या.

"काऊन उभे राह्यले सारे?" त्या म्हणाल्या. "तोरणाखाली ढकलत नेता, तशी शिवेपर्यंत ढकलत न्या. शिवेबाहेर आपला पोळा कुठी हाये?"

पाटील म्हणाले, "पण बाई, पुढच्या गावाचा पोळा हायेच ना!"

"असन. त्यायच्या पोळ्यात ही उभी राह्यली होती का कधी?"

पाटलांनी मान हलवली आणि गड्यांना हाक मारली. काकीजींनी पुरणपोळ्यांचं गाठोडं माझ्या मांडीवर टाकलं आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोट्टीले नीट न्या."

झडती म्हणणारे, हसणारे, सगळे गडी गाडीला भिडले. मी आत बसलेली, काकाजी चाक धरून बसलेले, आणि चिखलातून घोट्याघोट्यापर्यंत रुतत माणसं आम्हाला ढकलत होती. वडीलही ढकलत होते. शिवेवरच्या मारुतीपुढे पक्की सडक लागली. तिथे काकाजी उतरले, बॉनेटवर हात ठेवून त्यांनी डोळे मिटले आणि हँडल मारलं. गाडी एका झटक्यात सुरू झाली. मी मागे वळून पाहिलं तर सगळे चिखलानं माखलेले उभे होते आणि पाटील दुपट्टा हलवत होते.

अर्ध्या वाटेवर तेल संपत आलं. सोबतचा तेलाचा डबा सांडून रिकामा झाला होता, आणि सणामुळे दुकानं बंद. एका गावात घरोघर विचारलं तर दमणीच्या आसाला लावायचं एरंडीचं तेल तेवढं मिळालं. काकाजींनी तो लोटा एका हातात धरून नाकाशी नेला. मग दुसरा हात बॉनेटवर ठेवून काहीतरी पुटपुटले. मी विचारलं, "काकाजी, हे चालते का इले?"

"आज चालते," ते म्हणाले आणि त्यांनी लोटा रिता केला.

पुढचा सारा रस्ता गोडसर, करपट वास येत होता. संध्याकाळी आम्ही मिस्त्रीच्या घरी पोचलो. मिस्त्री दारात आला, त्यानं नाक वर करून वास घेतला आणि त्याचा चेहराच उतरला. "भाऊ, मैंने मना किया था ना?"

"मालूम होतं मले," काकाजी म्हणाले. "गाडीले दुसरी गाडी भेटते मिस्त्री. पोट्टीले दुसरी तारीख नाई भेटत."

मिस्त्रीनं बाजूला होऊन आम्हाला आत घेतलं. त्याच्या बायकोनं मला आपल्या पोरींच्या पंगतीत बसवून जेवू घातलं, आणि सकाळी माझी वेणी तिनंच घातली. मला जागा मिळाली.

मिस्त्रीनं इंजिन घासलेट घालून घालून धुतलं, पण निवल्यावर आतलं तेल चिकटून बसलं होतं. ती नळकांडी पुन्हा सरकली नाहीत. गाडी गावात परत आली ती बैलांच्या जोडीमागे बांधून. काकाजी तिच्यात बसले नव्हते. तिच्या बाजूनं पायी चालत होते.

गाव म्हणालं, शिवेबाहेर का होईना, पोळ्याला चालवली, म्हणून गाडी बसली. एरंडीची गोष्ट काकाजींनी कुणालाही सांगितली नाही. मी वडिलांना सांगते म्हटलं तर मलाच दटावलं. "काऊन सांगतं? तुया बाप जनमभर ओझं वाहीन. लोकायले वाटते ते वाटू दे. पोळ्याचा मान त राह्यला ना!" मी त्यांच्या पाया पडायला वाकले तेव्हा ते चक्क पळून गेले. आभार मानून घेणं त्यांना कधीच जमलं नाही, म्हणून ते मी आज इथे मानते आहे.

माझी पहिली नेमणूक अहेरीजवळच्या एका जंगलातल्या गावात झाली. काकाजी एकदा सर्व्हिस मोटारीनं तिथे आले. येताना ड्रायव्हरशी भांडून आले होते, कारण इंजिन तापलं तरी तो त्याला निवू देत नव्हता. ते वर्गात मागे जाऊन मुलांच्या रांगेत मांडी घालून बसले. मी शिकवत होते, अर्धं मराठीत, अर्धं मोडक्या गोंडीत. तास संपला तरी ते उठेनात. "अजून शिकव ना," म्हणाले. "मी कुठी जाऊन राह्यलो?" जाताना त्यांनी काकीजींनी दिलेली लाखोळीची डाळ काढून ठेवली आणि शाळेच्या दाराची सैल झालेली कडी दगडानं ठोकून घट्ट केली.

दोनेक वर्षांनी पावसाळ्यात वडिलांचा माणूस आला. काकाजी जाऊन चार दिवस झाले होते. नदीला पूर होता म्हणून त्याला उशीर झाला. मी निघून तरी कुठे पोचणार होते? माणूस म्हणाला, "बाई, आज शाळा सोडा."

मी सोडली नाही. ज्यांनी मला शाळेपर्यंत आणून पोचवलं त्यांच्यासाठी शाळा बंद ठेवायची, हे माझ्या मनाला पटेना. मी पुस्तक उघडलं आणि धडा वाचायला लागले, पण दुसऱ्या ओळीवर थांबले. पोरं टकामका बघत राहिली. मग पुढच्या रांगेतली एक गोंड पोरगी उठली. आदल्या वर्षी तिला अक्षरओळखही नव्हती. तिनं माझ्या हातातलं पुस्तक हळूच काढून घेतलं, ओळीवर बोट ठेवलं आणि मी थांबले होते तिथून पुढे वाचू लागली.