परत येण्याचा पुरावा

मी देश सोडला त्या दिवशी आई कामावर होती. २००३ चा मार्च, शाळेत परीक्षा चालू. रजा मिळाली नाही आणि तिने फारशी मागितलीही नाही. म्हणून विमानतळाकडे निघालेली सुमो आम्ही उल्हासनगर कॅम्प चारमधल्या तिच्या शाळेवरून नेली. आई तिथे शिपाई होती. मी सातवीत असताना बाबा गेले. तेव्हापासून त्याच नोकरीवर तिने मला वाढवलं, नर्सिंगपर्यंत शिकवलं. गाडीचा हॉर्न ऐकून ती फाटकापाशी आली, गणवेशाच्या निळ्या साडीत, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पोचलीस की फोन कर. रडायला करू नकोस, सांगायला कर." मग तासाची घंटा द्यायची वेळ झाली म्हणून वळली आणि आत गेली. ती घंटा मला पार बाजार ओलांडेपर्यंत ऐकू येत होती असं अजून वाटतं. ते शक्य नाही, हे मला कळतं.

ज्या देशात आले त्याचं नाव इथे लिहीत नाही. तुमच्यापैकी ज्यांच्या आईबापांनी व्हिसासाठी रांगा लावल्या आहेत त्यांनी आपापल्या देशाचं नाव भरून घ्यावं. माझा व्हिसा तीन आठवड्यांत आला होता. त्यांना माणसं कमी पडत होती. माणसं म्हणजे हात. म्हाताऱ्यांना उचलायला, आंघोळ घालायला, भरवायला, डायपर बदलायला. मी परत जाईन की नाही, हे मला एकदाही कुणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की नाइट शिफ्ट चालेल का आणि लवकरात लवकर कधी येऊ शकशील.

त्या केअर होममध्ये मी त्यांच्या आया सांभाळल्या. हा शब्द मी मुद्दाम वापरते. अकरा नंबरच्या खोलीतल्या बाईंना रोज संध्याकाळी केस विंचरून घ्यायची सवय होती. त्यांची मुलगी पाऊण तासाच्या अंतरावर राहायची आणि महिन्यातून एकदा यायची. येताना चॉकलेटचा डबा आणायची आणि मला म्हणायची, "तुझ्या आईला किती अभिमान वाटत असेल!" मी हसायचे. तेव्हा मला खरंच हसू यायचं.

मिलिंद अंबरनाथचा, माझ्याआधी वर्षभर इथे आलेला, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. २००५ मध्ये सुट्टीवर येऊन आम्ही अंबरनाथच्या विहारात लग्न केलं. पुढच्या उन्हाळ्यात माझं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. त्याबद्दल फार लिहिणार नाही. बाहेर लख्ख ऊन होतं, मिलिंद कामावर होता आणि मी बाथरूमच्या फरशीवर बसून "आई" म्हणून ओरडत होते, एवढं पुरे. तीच आई तेव्हा बदलापूरला, कात्रपमधल्या नव्या फ्लॅटमध्ये, एकटी तांदूळ निवडत बसलेली असणार. निवृत्त झाल्यावर उल्हासनगरची खोली विकून तिने तो घेतला होता. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या घराला बाल्कनी होती.

२००७ मध्ये पुन्हा दिवस राहिले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, जपा, एकट्या राहू नका. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "कधी येऊ?" जणू बदलापूरहून अंबरनाथला यायचं होतं.

इथून मी आमंत्रणाचं पत्र, पगाराचे कागद, डॉक्टरांचं सर्टिफिकेट पाठवलं. तिकडे आईच्या कागदांचं सुरू झालं. तिचा जन्माचा दाखला नव्हता, कारण ती जन्मली तेव्हा गावात असल्या बाळांची नोंद करायला कुणाला सवड नव्हती. शाळेच्या दाखल्यावर नाव छबू, लग्नानंतर रेशन कार्डावर सुमन. म्हणून वकिलाकडे जाऊन प्रतिज्ञापत्र करावं लागलं, की छबू आणि सुमन ही एकच बाई आहे. आईने फोनवर मला ते वाचून दाखवलं आणि खूप हसली. "बघ, इतकी वर्षं मला शंकाच होती," म्हणाली. बदलापूरच्या फ्लॅटची सोसायटी अजून रजिस्टर झाली नव्हती आणि बिल्डर भेटत नव्हता, त्यामुळे घराचा कागद म्हणजे नुसता साठेकरार आणि लाइटबिल. तिने ते सगळं प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घातलं, वर नाव लिहिलं, शाळेत कपाटांवर लिहायची तसं, ठळक.

मुलाखतीला तिच्यासोबत कमला आंटी गेल्या. उल्हासनगरच्या आमच्या चाळीत त्या शेजारी राहायच्या. सिंधी, आईहून वर्षा-दोन वर्षांनी मोठ्या, फाळणीनंतर लहानपणीच कॅम्पात आलेल्या. पुढचं मी दोघींकडून वेगवेगळं ऐकलं, आणि दोघींचं जुळतं.

सकाळी आठ वाजता त्या मुंबईत वकिलातीसमोर पोचल्या. आत बसायला खुर्च्या होत्या, पण वेळ येईपर्यंत फुटपाथवर उभं राहायचं होतं. ऑक्टोबरचं ऊन. साडेतीन तास. कमला आंटींचे गुडघे दुखत होते, म्हणून त्या कंपाउंडच्या भिंतीला टेकल्या, तर गार्डने हटकलं, भिंतीला टेकू नका. आंटी त्याला म्हणाल्या, "बेटा, हम सिंध से आए तब मैं अम्मा की गोद में थी. किसीने नहीं पूछा, वापस कब जाओगे." गार्ड बिचारा मराठीच होता. त्याने खाली पाहिलं आणि पुन्हा सांगितलं, टेकू नका.

आत आई एकटीच गेली. काचेपलीकडे एक तरुण गोरी बाई आणि तिच्याशेजारी हिंदीत सांगणारा दुभाषा. आवाज काचेतल्या स्पीकरमधून यायचा. नवरा आहे का? नाही. मुलं किती? एक मुलगी. ती कुठे? तुमच्याच देशात. दुसरं कुणी? नाही. नोकरी? निवृत्त. घर? आहे, बदलापूरला. त्या बाईने फाइल चाळली आणि विचारलं, मग तुम्ही परत का याल?

आई म्हणाली, "घर इथं आहे म्हणून."

त्याचा पुरावा काय?

आईने कमरेची किल्ली काढून काचेला लावून दाखवली. "हे कुलूप माझं आहे. मी लावून आले. मीच उघडणार."

दुभाषा हसला. त्याने हे वाक्य त्या बाईला सांगितलंच नाही, असं आईचं म्हणणं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण अठ्ठावीस वर्षं मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बसून कोण काय सांगतंय आणि काय गाळतंय, हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. मुलाखत सहा मिनिटं चालली. तिने भिंतीवरच्या घड्याळात पाहिली होती.

नऊ दिवसांनी पाकीट आलं. पत्र इंग्रजीत. आईने ते कात्रपच्या नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून वाचून घेतलं, चार गिऱ्हाइकांसमोर. तुम्ही विधवा आहात, तुमचं एकमेव अपत्य या देशात आहे, तुमच्या देशात तुम्हाला बांधून ठेवणारं काही दिसत नाही, त्यामुळे तुम्ही परत जाल याची खात्री पटत नाही.

बांधून ठेवणारं काही दिसत नाही. आईचा अख्खा जन्म त्या गावातून ह्या कॅम्पात आणि कॅम्पातून बदलापूरला पायाखालची जमीन घट्ट करण्यात गेला, आणि एका पोरसवदा बाईने सहा मिनिटांत सांगितलं की तिथे काही नाही. हे पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा सातव्या महिन्यात होते. मी आईला फोन करून ओरडले. त्यांच्यावर ओरडायला नंबर नव्हता, म्हणून तिच्यावर ओरडले. तू नीट का नाही बोललीस, किल्ली कशाला दाखवलीस, तिथे असं बोलतात का? ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "तू जप. बाळाला त्रास होईल." त्या ओरडण्याची मला आजही लाज वाटते.

पत्रं लिहिली. उत्तरं आली, सगळी एकाच साच्यातली, खाली सहीसुद्धा छापलेली. जानेवारीत मुलगी झाली. सिझेरियन. मिलिंदला आठ दिवसांची रजा मिळाली. नवव्या दिवशी मी टाके सांभाळत, मुलीला एका हातात धरून, दुसऱ्या हाताने फोनवर आईला विचारत होते, नाळेला काय लावू. बाहेर स्नो पडत होता. आईला स्नो दाखवायचा होता मला. एवढीच तर चैन होती माझी.

सहा महिन्यांनी कामावर परत गेले. अकरा नंबरच्या बाई तेव्हा थकत चालल्या होत्या. त्यांची मुलगी आली आणि म्हणाली, मला सारखं यायला जमत नाही, फार लांब पडतं, पण तू आहेस म्हणून मी निर्धास्त असते. मी कंगवा खाली ठेवला आणि म्हटलं, "माझ्या आईला तुमच्या सरकारने येऊ दिलं नाही. त्यांना वाटलं ती परत जाणार नाही." ती म्हणाली, "अरेरे. नियम असतील काहीतरी." मी पुन्हा कंगवा उचलला. त्या म्हातारीची काही चूक नव्हती.

दुसऱ्यांदा अर्ज करायचा मीच हट्ट धरला. मिलिंदच्या ओळखीने उल्हासनगरमधला एक एजंट मिळाला. त्याने आईला सांगितलं, तुमची केस वीक आहे, वांगणीला तुमच्या नावावर थोडी जमीन दाखवू, पेपर मी बनवतो, बँकेतही दाखवू काहीतरी, फक्त सही करा. मी फोनवर म्हटलं, "कर सही, आई. सगळे करतात." हे मी म्हटलं. जिला आईने शाळेतला सापडलेला खडूसुद्धा परत ठेवायला लावला होता, तिने.

मग आई बोलली, आणि इतकं सलग ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती.

"माझा बाप पाटलाच्या दाराबाहेर उभा राहायचा. आत बोलवायचे नाहीत. मी लहान होते, त्याचं बोट धरून मीपण उभी राहायची. धम्म घेतला तेव्हा बाप म्हणाला, आता कुणाच्या दाराबाहेर उभं राहायचं नाही. मी शाळेत लागले ती दारं उघडायच्या कामाला. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी, माझ्या हाताने. आणि तू मला परत फुटपाथवर उभी केलीस. तेपण केलं मी, तुझ्यासाठी. पण खोटी जमीन दाखवून मी नातीला बघणार नाही. आणि त्या काचेसमोर पुन्हा जाणार नाही. तुला आई पाहिजे तर तू ये."

मी गेले. २००९ च्या मेमध्ये, मुलीला घेऊन. त्यासाठी तिचा व्हिसा काढावा लागला, कारण आम्ही तिला इथलाच पासपोर्ट घेतला होता; मिलिंदला इथलं नागरिकत्व मिळालं होतं आणि मुलीलाही त्याच्यामुळे. आपल्या वकिलातीत मी तिचा फॉर्म भरला. भेटीचं कारण या रकान्यात लिहिलं, आजीला भेटणे. पाच दिवसांत शिक्का मिळाला. तो पासपोर्ट हातात घेऊन मी पार्किंगमध्ये गाडीत बसले आणि इतकी चिडले की स्टिअरिंगवर हात आपटले. दीड वर्षाची पोर जाऊ शकते, तिला कुणी परतीचं विचारत नाही. साठीची बाई येऊ शकत नाही.

कात्रपला मुलगी आईकडे जाईना. तीन दिवस माझ्या मागे लपली. आईने ओढलं नाही, पापा मागितला नाही. ती बाल्कनीत बसून भाजी निवडायची आणि स्वतःशीच गाणं गुणगुणायची. चौथ्या दिवशी पोरगी उठून गेली आणि तिच्या सुपातली मेथीची काडी उचलून तोंडात घातली. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती मेथी निवडत होती.

परत आले तेव्हा माझी नागरिकत्वाची वेळ झाली होती. मिलिंदने फॉर्म आणून टेबलावर ठेवला. तो म्हणतो ते सगळं खरं आहे: घरात तीन माणसं आणि दोन देशांचे पासपोर्ट ही कटकट आहे, नोकरीत बरं पडेल, कुठेही फिरता येईल. ज्यांनी घेतलं त्यांना मी नावं ठेवत नाही. माझ्याच घरात दोघे आहेत. तो फॉर्म मी वाचला, पेन घेतलं आणि नाव लिहिण्याआधी थांबले. हा भरला तर कात्रपला जायला मला फॉर्म भरावा लागेल. आईच्या दारात जायचं कारण रकान्यात लिहावं लागेल, आणि एखाद्या काचेमागचं कुणीतरी ते वाचून ठरवेल. देशप्रेम वगैरे यात काही नाही. राग आहे. या रागावर मी अजून इथे दिवस काढते, इथल्या आयांचे केस विंचरते, टॅक्स भरते, मुलीला शाळेत सोडते. जगात एकच दार असं उरलं आहे जिथे मला कुणी थांबवू शकत नाही, आणि ते मी सहीने बंद करणार नाही.

रविवारी सकाळी आईला फोनवर हे सांगितलं. ती आधी रागावलीच. "वेडी आहेस तू," म्हणाली. "लेकीच्या सोयीचं बघायचं, नवऱ्याचं ऐकायचं, ते सोडून हे काय डोक्यात घेतलंस?"

मी म्हटलं, "सही केली तर तुझ्या दारात यायचं कारण मला रकान्यात लिहावं लागेल." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "ये."